सर्पदंश, बासरीसह

ज्ञानाला कोणीही अडवू शकत नाही.

हे वाक्य माझं नाही. गंगापूर रोडला, टाइल्सच्या एका शोरूमच्या वर आमचं ऑफिस होतं, त्याच्या दाराशेजारच्या भिंतीवर ते माणसाच्या डोक्याएवढ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. वाक्याच्या खाली अंगठा लावायचं यंत्र होतं. यंत्राला अंगठा ओळखू आला नाही तर दार उघडत नसे. तो बऱ्याचदा ओळखू येत नसे. मग ज्ञानाचं काम करायला आलेली माणसं जिन्यात उभी राहून आतल्या कोणाला तरी फोन लावत.

काम असं होतं: मराठीतली माहितीपर पुस्तकं घ्यायची आणि प्रत्येकाचा सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ करायचा. शेती, आरोग्य, इतिहास, पालकत्व, काहीही. कादंबऱ्या-कविता घेत नसत, कारण त्यात मुद्दे नसतात, असं कंपनीचं मत होतं. व्हिडिओला व्हिडिओ म्हणायची सोय नव्हती. त्याला ‘कॅप्सूल’ म्हणायचं. कंपनी ज्यानं काढली त्या तिशीतल्या मुलाच्या कार्डावर ‘मुख्य कथाकार’ असं छापलेलं होतं. पुस्तकांच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढणारी मुलगी ‘ज्ञान-अभियंता’ होती. मी ‘भाषा-पालक’ होते. म्हणजे मी ऱ्हस्व-दीर्घ बघायचे.

त्याआधी मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. नाशिकची आवृत्ती आटत आटत चार पानांवर आली, तेव्हा आम्हालाही आटवण्यात आलं. तिथं मी आयुष्यभर पुढाऱ्यांची भाषणं कापली. भाषण कापताना एक काळजी घ्यावी लागते: माणूस जे म्हणाला त्याच्या उलटं छापून येता कामा नये. मला वाटायचं, ही काळजी जगात सगळीकडे घेतात.

मुख्य कथाकाराचा एक सिद्धांत होता. लेखकाला जे काही सांगायचं असतं ते तो प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या दोन पानांत सांगून मोकळा होतो. पुढचं सगळं भरताड. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या दोनच पानांचे फोटो निघत. ते संगणकाला दिले की संगणक सात ‘सुवर्णमुद्दे’ काढून देई. नेहमी सातच. द्राक्षाच्या पुस्तकातून सात, पेशवाईतून सात, मूळव्याधीतूनही सात.

“लेखकाकडे तीनच मुद्दे असले तर?” मी एकदा विचारलं.

“मग उरलेले चार इन्स्पायरिंग करायचे, मॅम,” तो म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

संगीताचेही नियम होते. शहरी विषयाला इलेक्ट्रॉनिक ठोके. गावाचा विषय आला की बासरी. भूजलाला बासरी, कुपोषणाला बासरी, शेळीपालनाला बासरी. एकच बासरी, एकच धून, कुठून तरी फुकट मिळालेली. ती कॅप्सूलमध्ये बसावी म्हणून पळवलेली असे, त्यामुळे गावातला माणूस उपाशी असो की तहानलेला, तो घाईत आहे असं वाटायचं.

बासरीचा मला घरीही भरपूर पुरवठा होता. आमच्या वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बासरीचे वर्ग घेतात. संध्याकाळी एका वर्गाची मुलं जातात, दुसऱ्या वर्गाची येतात, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या छताला सुरांची गळती लागते. मी सोसायटीत लेखी तक्रार केली होती. तेव्हापासून आम्ही जिन्यात भेटलो की दोघंही मोबाइलमध्ये बघत असू.

एवढं सगळं मी हसून घेत होते. पगार वेळेवर होत होता आणि माणसाला काही तरी वाचत बसायला मिळत होतं. हसू संपलं ते सापाच्या पुस्तकावर.

पुस्तक छोटंसं आहे. सुरगाण्याकडच्या एका डॉक्टरीणबाईंनी ते लिहिलंय. बाई तिकडच्या ग्रामीण रुग्णालयात नोकरीला लागल्या आणि निवृत्तीनंतरही तिथंच राहिल्या. गावातच दवाखाना चालवतात. माझ्याकडे ते पुस्तक आधीपासून होतं. मी ते दोनदा वाचलं होतं, कारण मराठीत वैद्यकीय पुस्तक लिहिताना लेखक सहसा वाचकाला झापतो किंवा लाडीगोडी लावतो. बाई यातलं काहीच करत नाहीत. त्यांची पद्धत अशी: प्रत्येक प्रकरण गावातल्या माणसाच्या तोंडून सुरू होतं. साप चावला की आपण पहिली दोरी शोधतो. दंशाच्या वर घट्ट बांधतो, म्हणजे विष वर चढत नाही. मग कडुनिंबाचा पाला चावायला देतो. कडू लागला नाही तर विष चढलं असं समजायचं. मग भगताकडे. हे सगळं त्या दोन पानं लिहितात, जराही हिणवत नाहीत, त्या माणसाच्या शेजारी पडवीत बसून लिहावं तसं. वाचताना वाटतं की बाईंनाही हे पटलेलंच आहे. आणि तिसरं पान सुरू होतं एका वाक्यानं, प्रत्येक प्रकरणात तेच वाक्य: आता माझं ऐका.

तिथून पुढे त्या सांगतात की दोरीनं काय होतं, वेळ कसा जातो, आणि काय करायचं. काहीही बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला हलू न देता सरळ दवाखान्यात आणायचं. बस्स.

तिसऱ्या पानाचा फोटो कोणी काढला नव्हता.

तुम्हाला वाटेल, भाषा-पालक काय करत होती? तर त्याचंही उत्तर कंपनीच्या नियमात होतं. ही कॅप्सूल पावसाळ्याच्या तोंडावर आश्रमशाळांच्या टीव्हींवर दाखवायची होती, म्हणून तिच्यात अक्षरं न ठेवता नुसती चित्रं आणि आवाज ठेवला होता. पडद्यावर अक्षरं नाहीत म्हणजे शुद्धलेखन नाही, आणि शुद्धलेखन नाही म्हणजे माझं काम नाही. ती मी पहिल्यांदा पाहिली ती ‘लोकार्पणा’च्या दिवशी, ऑफिसातल्या मोठ्या टीव्हीसमोर, हातात पेढा घेऊन.

बासरी सुरू झाली. हिरवा, हसरा साप आला. टोपीवाला मुलगा आला. मशीनचा एक प्रेमळ, आजीसारखा आवाज म्हणाला, “पहिला सुवर्णमुद्दा. दंशाच्या वर दोरीनं घट्ट बांधा.” मुलानं बांधलं. पायावर एक सोनेरी चांदणी चमकली. “दुसरा सुवर्णमुद्दा. कडुनिंबाचा पाला चावायला द्या.” चांदणी. सहाव्या मुद्द्याला भगत आला. त्याला चित्रकारानं फार गोड काढला होता. शेवटी पुस्तकाचं मुखपृष्ठ आलं, बाईंचं नाव आलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. “हे चूक आहे.”

“कुठे, मॅम? व्याकरण?” मुख्य कथाकारानं विचारलं.

“व्याकरण नाही. माणूस मरेल.”

“ओके, ओके. पण शब्द बरोबर आहेत ना?”

मी माझ्या पिशवीतून पुस्तक काढलं नाही, कारण ते घरी होतं. ऑफिसातली प्रत सापडायला वेळ लागला. ती कॅमेऱ्याच्या स्टँडखाली टेकू म्हणून ठेवलेली होती. मी पहिलं प्रकरण उघडून तिसरं पान मोठ्यानं वाचलं. ज्ञान-अभियंता मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिला तरी कळलं. ती म्हणाली, “सर, आपण पुढचं घेतलंच नाही.”

“पण जे घेतलं ते पुस्तकातलंच आहे ना?” तो म्हणाला. “आपण आपलं काहीच घातलेलं नाही.”

हे खरं होतं. आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. खोटं बोलणाऱ्याला निदान माहीत असतं की खरं कुठं ठेवलंय.

“काढून टाका,” मी म्हणाले.

“मॅम, लिंक ऑलरेडी शाळांना गेलीये. काढली तर लिंक तुटते. पुढच्या महिन्यात आश्रमशाळांच्या खात्यापुढे प्रेझेंटेशन आहे. तिथं तुटलेली लिंक दाखवू?”

“मग दुरुस्त करा.”

“करू ना. पार्ट टू करू. ‘सर्पदंश: सात गैरसमज’. आणि तोवर कमेंटमध्ये टाकून ठेवू, की तज्ज्ञांचा सल्ला घ्या.”

आश्रमशाळेच्या टीव्हीवर कमेंट दिसत नाहीत, हे मी सांगितलं. तो म्हणाला, “तुम्ही फार निगेटिव्ह जाताय. तुम्ही प्रॉब्लेम बघताय, मी रीच बघतोय.” मग त्यानं मला आणखी एक पेढा दिला.

तो वाईट माणूस नव्हता. हे मी रागातही लिहितेय, कारण वाईट माणसाशी भांडता येतं. हा मुलगा वाक्य संपेपर्यंत ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, ‘व्हॅलिड पॉइंट’ म्हणायचा आणि तो मुद्दा खिशात घालून निघून जायचा. मी रोज एकदा त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहत असे. रोज माझा पॉइंट व्हॅलिड ठरे. सापाची कॅप्सूल कंपनीच्या इतिहासात सर्वांत जास्त पाहिली गेलेली कॅप्सूल झाली. भिंतीवरच्या वाक्याखाली कोणीतरी फुगे लावले.

मग एक दिवस माझा फोन वाजला. ज्ञान-अभियंता मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, “मॅम, बाहेर या ना. जिन्यात एक आजी उभ्या आहेत, यंत्र त्यांना आत घेत नाहीये.”

बाहेर डॉक्टरीणबाई होत्या. सुती साडी, छत्री, कापडी पिशवी. सकाळच्या पहिल्या जीपनं निघाल्या होत्या आणि बस बदलून आल्या होत्या. त्या ज्ञानाबद्दलच्या वाक्याखाली उभ्या राहून ते शांतपणे वाचत होत्या. मी माझा अंगठा लावला. तिसऱ्यांदा लागला.

मुख्य कथाकार धावत आला आणि वाकून पाया पडला. नंतर मला कळलं की फोनवर त्यानं आधीच कोणाला तरी शाल आणि नारळ आणायला पिटाळलं होतं. शाल येईपर्यंत त्यानं बाईंना कंपनीचं ध्येय सांगितलं. शाल आली. ती खांद्यावर घालायला तो पुढे झाला तेव्हा कॅमेरा सुरू झालेला मी पाहिला.

“शाल राहू द्या,” बाई म्हणाल्या. “तो सापाचा व्हिडिओ काढा.”

“बाई, आधी चहा...”

“चहा घेते. व्हिडिओ काढा.”

मग चहा पीत त्यांनी सांगितलं. आवाज चढला नाही. दवाखान्यात केस सांगतात तसं सांगितलं. त्यांच्या भागातला एक माणूस भाताच्या रोपातलं तण काढत होता. पायाला साप चावला. त्याच्या भाच्यानं शाळेत टीव्हीवर पाहिलेलं होतं. त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून दोन ठिकाणी आवळली. पाला चावायला दिला. भगताकडे नेलं. व्हिडिओत होतं त्याच क्रमानं सगळं केलं, एकही मुद्दा गाळला नाही. पोरगा हुशार होता. बाईंच्या दवाखान्यात आणलं तेव्हा दुपार कलली होती आणि पाय वांग्यासारखा झाला होता.

“मी ओरडले, की कोणी सांगितलं हे बांधायला? तर ते पोरगं माझ्याकडे बघत म्हणालं, ‘बाय, तूच त सांगलंस ना, टीव्हीत.’”

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

“साप त्यांनी मारून पिशवीत आणला होता,” बाई पुढे म्हणाल्या. “दिवड होता. पाण्यातला, बिनविषारी. दिवड चावला तर मी जखम धुते, धनुर्वाताचं इंजेक्शन देते आणि माणसाला चालत घरी पाठवते. याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावं लागलं. दोन बोटं काढली.”

म्हणजे सापानं काहीच केलं नव्हतं. जो काही अपाय झाला तो ज्ञानामुळे.

मुख्य कथाकारानं मान खाली घातली. मला क्षणभर वाटलं, आता समजलं. मग त्यानं मान वर केली. डोळे खरोखर ओले होते.

“बाई,” तो म्हणाला, “ही स्टोरी तुम्ही कॅमेऱ्यावर सांगाल?”

मी वर्तमानपत्रात असताना पुष्कळ निर्लज्ज माणसं पाहिली होती. पण त्यांना आपण निर्लज्ज आहोत हे ठाऊक असे आणि ते त्याची किंमत लावत. हा मुलगा हेलावला होता, म्हणून विचारत होता. हेलावण्याचा दुसरा काही उपयोग त्याला कोणी शिकवलाच नव्हता.

“सांगते की,” बाई म्हणाल्या. “आधी तो काढा.”

“पण बाई, आधी काढला तर हा पार्ट टू कशाचा होणार?”

बाईंनी कप खाली ठेवला. पिशवी घेतली, छत्री घेतली. शाल खुर्चीवर तशीच राहिली. मी त्यांच्याबरोबर खाली रस्त्यापर्यंत गेले. टाइल्सच्या शोरूमसमोर त्या थांबल्या.

“मी तिकडे आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली,” त्या म्हणाल्या. “बांधू नका. सुरुवातीला कोणी ऐकेना. मग एक-एक करून ऐकायला लागले. आता तर लहान मुलंसुद्धा म्हणायची, बाय सांगते बांधायचं नाही. आता माझ्याच नावानं त्यांना कोणी सांगतंय, बांधा. आणि ते ऐकतायत, कारण माझं नाव आहे. भाताची आवणी तोंडावर आलीये. सगळा गाव गुडघाभर चिखलात उतरेल. तेव्हा येणारे सगळे साप काही दिवड नसतात.”

मग त्यांनी मला विचारलं, “तुमच्याच्यानं निघेल का हो तो?”

“निघेल,” मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, मला अजून माहीत नाही.

पुढचे काही दिवस मी काय काय केलं त्याचा मला नुसता थकवा आठवतो. जिथं तो व्हिडिओ होता त्या साइटवर तक्रार केली. तक्रारीचं कारण निवडायला एक यादी येते. ‘हा व्हिडिओ पाहून माणसाची बोटं गेली’ असं कारण त्यात नव्हतं. मी जवळचं निवडलं आणि खाली सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर आलं: आम्ही तपासणी केली आहे, आमच्या मार्गदर्शक तत्त्वांचा भंग आढळला नाही, समाज सुरक्षित ठेवण्यास मदत केल्याबद्दल आभार. ज्या खात्याच्या शाळा होत्या त्या खात्यात गेले. साहेब दौऱ्यावर होते. तिथले भाऊसाहेब म्हणाले, “अर्ज ठेवून जा, ताई. पण व्हिडिओ चांगला आहे हं. आमच्या घरी मुलांनी दोनदा बघितला.” मी त्यांना सांगितलं की त्यात सांगितलंय ते चूक आहे. ते म्हणाले, “असेल. पण समजायला सोपं आहे.”

त्या वाक्याचा मला इतका राग आला की मी गंगापूर रोडपर्यंत रिक्षा न करता चालत गेले. सोपं आहे! आमचा सगळा धंदा या एका शब्दावर चालला होता. अवघड पुस्तक सोपं करणं हे पुण्यकर्म आहे असं मीही मानत आले होते. डेस्कवर दुसरं काय केलं मी? पण बाईंचं पुस्तक अवघड नव्हतंच. ते चौथी शिकलेल्या माणसाला वाचता यावं असंच लिहिलेलं होतं. त्याला फक्त पान उलटायला लागत होतं. आम्ही जगाचे तेवढे कष्ट वाचवले होते.

त्या संध्याकाळी मी घरी भाजी चिरत होते. वर वर्ग संपत आला होता. नेहमी वर्ग संपताना बासरीचे सर स्वतः एक धून वाजवतात. ती संथ आहे, झोप यावी इतकी संथ, आणि वर्षानुवर्षं ऐकून मी ती ऐकणं सोडून दिलेलं होतं. त्या दिवशी ती धून कोणी तरी विद्यार्थी वाजवत होता. नवखा असावा. त्याला घरी जायची घाई होती, की बासरीची भीती वाटत होती, कोण जाणे. त्यानं ती धून धावत धावत वाजवली.

माझ्या हातातली सुरी थांबली. मला डोळ्यांसमोर हिरवा, हसरा साप दिसला.

मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. तीच. पळवलेली, मधून कापलेली, पण तीच.

मी हात पुसले आणि जिना चढले. माझ्या मजल्याच्या वरच्या पायऱ्यांवर मी आधी कधी पाय ठेवला नव्हता. दार उघडताच सरांचा चेहरा बदलला.

“मॅडम, आठच्या आत बंद करतो. सोसायटीत तसं ठरलंय.”

“तक्रार नाही. तुम्ही वर्ग संपताना वाजवता ती धून कोणाची आहे?”

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. “माझी. म्हणजे मीच बांधलीये. बँकेत असताना. नातवानं रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकलीये. का? तीही बंद करायची?”

मी व्हिडिओ लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरला, पडद्याकडे पाहिलंच नाही. सापानं दंश केला, मुलानं दोरी बांधली, भगत आला आणि गेला. सर डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या.

“दीडपट,” ते म्हणाले. “लय दीडपट केलीये. दीडपट! आणि अंतरा? अंतरा कुठंय?”

“सर, यात साप चावल्यावर पाय बांधायला सांगतायत. लोकांचे पाय चाललेत. हा व्हिडिओ बंद व्हायला हवा...”

“ते तुम्ही बघा,” ते म्हणाले. “हे मी बघतो. हे काय रेल्वे स्टेशन आहे? अंतरा कापतात म्हणजे काय?”

मी दोनदा पुन्हा सांगून पाहिलं. डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, बोटांचं सांगितलं. ते ‘अरेरे’ म्हणाले, मनापासून म्हणाले, आणि पुन्हा लयीवर आले. मग मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला योग्य जागी योग्य माणूस सापडला होता आणि त्याला साप नको होता. मीही हट्ट धरला नाही.

संगीताच्या हक्काची तक्रार कशी करतात ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं. ते फार सोपं आहे. माणसाच्या पायासाठी मी जो मजकूर लिहिला होता त्याच्या निम्माही लागला नाही. नाव, मूळ धुनीची लिंक, चोरीची लिंक, आणि ‘मी या कलाकृतीचा मालक आहे’ या वाक्यापुढे एक खूण. तेवढ्यात नातू आला. त्यानं कंपनीच्या बाकीच्या कॅप्सूल उघडून दाखवल्या. भूजलात तीच धून, शेळीत तीच, कुपोषणात तीच. सरांनी प्रत्येकीसाठी वेगळी तक्रार केली. कुपोषणाच्या कॅप्सूलमध्ये लय दुप्पट होती. तिथं ते थोडा वेळ पाणी पीत बसले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले तेव्हा मोठा टीव्ही काळा होता. सापाची कॅप्सूल गेली होती. अशा आणखी तक्रारी मान्य झाल्या तर आख्खं चॅनेलच बंद होतं, असं साइटनं कळवलं होतं. म्हणून घाबरून मुख्य कथाकारानं गावाच्या विषयाची प्रत्येक कॅप्सूल स्वतःच झाकून ठेवली होती. त्यात चांगल्याही होत्या. शेळीपालनाची तर खरोखर बरी होती.

त्यानं सरांना फोन केला. सहकार्य करू म्हणाला, श्रेय देऊ म्हणाला, सत्कार करू म्हणाला. शालीचाही उल्लेख झाला असावा. सरांची एकच अट होती: धून मूळ लयीत आणि अंतऱ्यासह वाजली पाहिजे. त्यानं हिशेब केला. तसं केलं तर कॅप्सूल नऊ मिनिटांच्या वर जात होती. नऊ मिनिटं लोक बघत नाहीत. बोलणी तिथं फिसकटली.

“मॅम, एवढं चांगलं काम,” तो मला म्हणाला, “आणि एका बासरीवाल्यामुळे. या देशात ज्ञानाची कदरच नाही.”

मी म्हणाले, “व्हॅलिड पॉइंट.” आणि राजीनामा त्याच्या टेबलावर ठेवला.

संध्याकाळी बाईंना फोन लावला. रेंज नव्हती, बऱ्याच वेळानं लागला. मागून पावसाचा आणि माणसांचा आवाज येत होता. आवणी सुरू झाली होती.

“निघाला,” मी म्हणाले.

“पटलं त्यांना?” त्यांचा आवाज एकदम हलका झाला. “बरं झालं. पोरगा तसा ऐकण्यातला वाटला होता.”

“पटलं नाही, बाई. बासरीमुळे निघाला. संगीत चोरीचं होतं.”

पलीकडे त्या हसल्या. ते हसू मला फारसं आवडलं नाही आणि त्यांनाही आवडलं नसावं.

“म्हणजे त्यात सांगितलेलं चूक होतं, हे कोणीच म्हणालं नाही?”

“नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग मलाच जाऊन सांगायला लागेल. शाळेशाळेत.” आणि फोन ठेवला.

त्या गेल्या. अजून जातात. वरच्या मजल्यावर वर्गही चालू आहेत. आता जिन्यात आम्ही एकमेकांना नमस्कार करतो, पण सोसायटीतली माझी तक्रार मी मागे घेतलेली नाही. आश्रमशाळांच्या यादीतून ती लिंक अजून कोणी काढलेली नाही. मास्तरांनी टीव्ही सुरू करून ‘सर्पदंश’ दाबलं, की काळा पडदा येतो आणि त्यावर एक ओळ. वर्गातली मोठी मुलं ती मोठ्यानं वाचून दाखवतात, असं बाईंनी सांगितलं: संगीताच्या हक्कदाराने आक्षेप घेतल्यामुळे हा व्हिडिओ उपलब्ध नाही.